आठाच्या जागी तीन

७ मार्च १९९४, सोमवार

दुसरा कॉम्प्युटर आज आला. सहादेव शिपायाने नारळ फोडला, चेअरमन आप्पासाहेबांनी मॉनिटरला हार घातला. मी चार अक्षरं टाईप करून पडद्यावर नावांची यादी आणली, तेव्हा टाळ्या वाजल्या. एकोणीस वर्षं या माती-पाणी परीक्षण केंद्रात मी माती कुटली, चाळली, तोलली. पुण्याला तीन आठवड्यांचा कोर्स करून आलो आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ‘कॉम्प्युटर इनचार्ज’ झालो.

कोर्समध्ये सांगितलं होतं, मशीनची नोंदवही ठेवा. ती ऑफिसात आहे. तीत जयमाला रोजचं काम लिहिते, संध्याकाळी मी खाली सही करतो. ही वही वेगळी. जे तिथे लिहिता येत नाही ते इथे.

जयमाला कोल्हारची, बी.एस्सी. दोन वर्षं रोजंदारीवर आहे, जूनमध्ये कायम होईल. शेतकरी पिशवीतून माती आणतात, प्रयोगशाळा तपासते, आकडे जयमाला मशीनमध्ये भरते आणि शेतकऱ्याला छापील कार्ड मिळतं: सामू किती, म्हणजे जमीन आंबट की खारी, क्षार किती, आणि त्यावर उपाय काय. खरीप तीन महिन्यांवर आलाय. सहाशेच्या वर कार्डं जायची आहेत.

१६ मार्च, बुधवार

माझ्या कुंडलीच्या फ्लॉपीने केंद्रात धमाल उडवली आहे. पुण्याच्या कोर्समधल्या एका सोबत्याने कॉपी करून दिली होती. जन्मवेळ टाकली की दोन मिनिटांत पत्रिका छापून बाहेर. कोणी चुकून पुसू नये म्हणून पुण्यातच, हातात पडल्या पडल्या मी तिच्या खाचेवर चिकटपट्टी लावून टाकली. आता तिच्यावर कोणालाच काही लिहिता येत नाही, ती फक्त वाचता येते. अशी काळजी सगळ्यांनी घेतली तर मशीनं बिघडणार नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत दोन्ही मशीनवर नंबर लावून लोक बसतात. आप्पासाहेबांच्या नातवाची काढून दिली, ते खूश. सहादेवच्या धाकट्या बहिणीला मंगळ निघाला. त्याचा चेहरा पडला. मुलाकडच्यांना कळवावं लागेल म्हणाला.

जयमालाला म्हटलं, तुझी काढू का? म्हणाली, “आमच्यात नाही बघत, सर. आणि सुट्टी संपली, मला मशीन मोकळं करून द्या.” बोलायला फटकळ आहे. मी जातपात पाहत नाही, पण चार माणसांत मिसळायला काय हरकत आहे?

३१ मार्च, गुरुवार

सकाळी बेलापूरकडचे भिमाजी नावाचे म्हातारे शेतकरी कार्ड घेऊन आले. टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “ह्ये वाचा.”

वाचलं. सामू ३.८. उपाय: एकरी एक टन चुना.

“माजं रान चोपन हाय,” ते म्हणाले. “ज्या रानात पाणी मुरत न्हाई, वर पांढरं फुटतंय, त्यात चुना टाकू व्हय? इथली मान्सं लई शिकल्याली हायेत म्हून आलो.”

प्रयोगशाळेचं रजिस्टर काढलं. तिथे स्वच्छ ८.३ लिहिलेलं. म्हणजे मशीनमध्ये भरताना आठाच्या जागी तीन आणि तिनाच्या जागी आठ. हात जोडून त्यांना नवीन कार्ड दिलं. जिप्सम टाकायचं, चुना नाही. त्यांनी विचारलं, “आन ज्यो मानूस वाचून न बगता टाकंल, त्येचं काय?”

जयमालाला बोलावलं. ती म्हणाली, “मी आठ पूर्णांक तीनच टाकलं होतं.”

“मग मशीनने आपल्या मनाने बदललं का?”

“तसंच वाटतंय मला, सर.”

मी हसलो. मशीन चूक करत नाही, चूक माणूस करतो, हे कोर्सच्या पहिल्या दिवशी शिकवतात.

५ एप्रिल, मंगळवार

आणखी अकरा कार्डं चुकीची सापडली. कुठे क्षार ०.२ चे २.०, कुठे सर्व्हे नंबर उलटा. जयमालाला सगळ्यांसमोर बोललो. बोलायला नको होतं, पण इनचार्ज मी आहे. ती खाली मान घालून उभी राहणाऱ्यातली नाही. सरळ माझ्याकडे बघत होती. “एकदा माझ्याशेजारी बसून बघा, सर, मी काय टाईप करते ते,” म्हणाली. मला वेळ नव्हता, दुपारी तलाठी भाऊसाहेब मुलीची पत्रिका काढायला येणार होते.

१२ एप्रिल, मंगळवार

जयमालाने विचारलं, गावच्या जयंतीची कार्यक्रमपत्रिका श्रीरामपूरच्या डीटीपीवाल्याकडे टाईप केलीय, त्याचा प्रिंटर बंद आहे, इथे एक पान काढू का? मी हो म्हटलं. मी नडलो असं कोणी म्हणायला नको. तिने फ्लॉपी आणली, पान काढलं, कागद स्वतःचा वापरला.

२० एप्रिल, बुधवार

जे झालं ते नीट लिहितो.

चुकीची कार्डं काही थांबेनात म्हणून नगरहून कल्याण नावाच्या इंजिनियरला बोलावलं. आमची मशीनं त्याच्याच दुकानातून आलेली. त्याने स्वतःची एक फ्लॉपी घातली, मशीन तिच्यावरून सुरू केलं आणि तपासणी लावली. पडद्यावर फाइलींची नावं सरकत होती. आम्ही सगळे मागे उभे. अचानक टूं टूं आवाज झाला आणि एक चौकोन लुकलुकायला लागला. मग पुन्हा. मग पुन्हा.

“व्हायरस आहे,” कल्याण म्हणाला. “दोन्ही मशीनवर. मशीन डिस्कवर काही लिहायला गेलं की हा मध्येच दोन आकड्यांची अदलाबदल करतो. नेहमी नाही, शंभरात एखाद्या वेळी. म्हणून कळत नाही.”

सहादेव दोन पावलं मागे सरकला. “हात लावल्यानं व्हतो का काय?”

कोणी हसलं नाही. जयमाला शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. तिचं खरं होतं, मशीननेच बदललं होतं. तेवढं मी तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं.

कल्याण म्हणाला, केंद्रातल्या सगळ्या फ्लॉप्या द्या. कपाटातल्या साठ दिल्या. त्या स्वच्छ निघाल्या. माझी कुंडलीची फ्लॉपी पिशवीत होती. ती खासगी, आणि चिकटपट्टी लावलेली. ती द्यायचं कारण नव्हतं. दोन्ही मशीनं साफ करून तो संध्याकाळच्या गाडीने गेला.

२१ एप्रिल, गुरुवार

आप्पासाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. “कानिफनाथ, हे आलं कुठून?”

मी म्हटलं, बाहेरच्या फ्लॉपीतून येतं असं इंजिनियर म्हणाला.

“बाहेरची फ्लॉपी कोणी आणली?”

मी म्हटलं, जयमालाने एक आणली होती, श्रीरामपूरच्या डीटीपीच्या दुकानातून. जयंतीचा कागद काढायला.

“तरीच,” ते म्हणाले. त्यांनी ‘तरीच’ का म्हणावं ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. परवानगी मी दिली होती हे सांगायचं राहिलं. त्यांनी फोन उचलला होता.

२२ एप्रिल, शुक्रवार

जयमालाला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. रोजंदारीला नोटीस लागत नाही. ती माझ्या टेबलाजवळ आली. “सर, तुम्हीच हो म्हणाला होतात.” मी म्हटलं, साहेबांचा निर्णय आहे. तिने ड्रॉवरची किल्ली ठेवली. नोंदवही माझ्यापुढे सरकवली. “आजची सही राहिलीय.” मी सही केली.

वाईट वाटलं. पण अकरा मार्चच्या एका कार्डातही चूक सापडलीय आणि तिची फ्लॉपी बारा एप्रिलला आली, हा हिशेब जुळत नाही. कदाचित तिने आधीही कधी आणली असेल. तेच असणार.

३० एप्रिल, शनिवार

पुन्हा व्हायरस.

आठवडाभर सगळं ठीक होतं. भरायचं काम आता मीच करतो. एका बोटाने. परवा लोकांनी फार आग्रह केला म्हणून सुट्टीत चार पत्रिका काढल्या, इतकी माणसं जमली की जरा उत्साह वाटला. आणि आज मी स्वतः टाकलेला ७.९ कार्डावर ९.७ होऊन आला. मी स्वतः टाकलेला. तीनदा बघून टाकलेला.

कल्याणने मागच्या वेळी तपासणीची फ्लॉपी ठेवून दिली होती. लावली. टूं टूं.

जयमाला तर आठ दिवसांपूर्वीच गेली. तिच्या ड्रॉवरमध्ये काही फ्लॉप्या राहिल्यात, त्यातून येत असेल का? पण त्या कोणी घातल्याच नाहीत.

५ मे, गुरुवार

काल कल्याण पुन्हा आला. साफ करता करता म्हणाला, “नाथभाऊ, हा व्हायरस प्रोग्रॅमला चिकटतो. नुसत्या मजकुराच्या फ्लॉपीतून हा येऊच शकत नाही. कोणीतरी बाहेरचा प्रोग्रॅम इथे चालवतंय. गेम वगैरे.”

“इथे कोणी गेम खेळत नाही,” मी म्हटलं. ते खरं होतं.

आज जेवणाच्या सुट्टीत दार लावून घेतलं. पत्रिका बंद म्हणून सांगितलं. जयमालाच्या ड्रॉवरमधल्या चौदा फ्लॉप्या एकेक करून तपासल्या. प्रत्येकीवर तिच्या बारीक अक्षरात तारीख आणि गावाचं नाव. चौदाच्या चौदा स्वच्छ. जयंतीचीही त्यातच होती, तीही स्वच्छ. तीत एकच पान होतं: सकाळी आठ वाजता वंदना, दहा वाजता वक्तृत्व स्पर्धा.

मग पिशवीतून माझी काढली. खरं तर मला तेव्हाच माहीत होतं. घातल्यावर दोन सेकंदही लागले नाहीत.

पहिला विचार काय आला तो लिहितो, कारण इथे खोटं लिहून काय करायचं? विचार आला, हिला इथल्या मशीनवरूनच लागण झाली असेल, म्हणजे मीही फसलेलाच. मग चिकटपट्टीकडे लक्ष गेलं. पुण्यातच लावलेली, कधीच न काढलेली. तिच्यावर नंतर काही लिहिलं जाणं शक्य नाही. जे आत होतं ते पहिल्या दिवसापासून आत होतं. मी ते दोन महिने दोन्ही मशीनना दिलं, पत्रिका काढून काढून.

फ्लॉपी दुमडली, कात्रीने चार तुकडे केले आणि घरी येताना कालव्यात टाकले. आता कोणाकडे काही पुरावा नाही.

९ मे, सोमवार

ज्योतीला सांगितलं. बायकोला सांगायचं नाही तर कोणाला? ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं. मग तिने विचारलं ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

“मग सहादेवच्या बहिणीचा मंगळ?”

मी म्हटलं, तो प्रोग्रॅम वेगळा, आकडे फक्त लिहिताना बदलतात, शंभरात एखाद्या वेळी.

“म्हणजे तुम्हाला माहीत नाही.”

“नाही.”

“सोयरीक तर मोडली ना तिची.” तिने तव्यावरची भाकरी उलटली. “आणि ती कोल्हारची पोरगी?”

मी उठून बाहेर गेलो.

१८ मे, बुधवार

आज एक पत्र टाईप केलं. साहेबांनी सांगितलं म्हणून. श्रीरामपूरच्या एका कॉलेजच्या ऑफिसने जयमालाला नोकरी देण्याआधी तिच्याबद्दल विचारणा केली होती. साहेब म्हणाले, जे झालं ते लिहा. लिहिलं: ‘सदरहू कर्मचारी यांच्या निष्काळजीपणामुळे केंद्राच्या संगणकांचे नुकसान झाले, सबब त्यांना कमी करण्यात आले.’

ऊन फार आहे. दुसरं काही नाही.

१ जून, बुधवार

चुकीची सगळी कार्डं शोधून बदलायची ठरलीय. रजिस्टरशी ताडून पाहतोय. एकशे बारा निघाली. कोणत्या दिवशी काय भरलं ते बघायला मशीनची नोंदवही उघडली. आजवर मी तिच्यात फक्त खालचा कोपरा बघत होतो, सहीचा.

१० मार्च. जयमालाचं अक्षर: ‘७.८ टाकले, परत उघडले तर ८.७ दिसले. दुरुस्त केले.’ खाली माझी सही.

१७ मार्च: ‘दुपारनंतर तीन आकडे बदललेले. सकाळी नव्हते.’ माझी सही.

२४ मार्च: ‘जेवणाच्या सुट्टीत पत्रिका काढल्या त्या दिवशी चुका जास्त येतात. इनचार्ज सरांनी कृपया पाहावे.’ माझी सही. लफ्फेदार, खाली दोन टिंबांसह.

अशा नऊ नोंदी. नऊ सह्या.

दुपारी जेवलो नाही. सहादेव म्हणाला, “नाथभाऊ, बरं न्हाई का?” त्याच्याकडे बघवेना.

५ जून, रविवार

कोल्हारला गेलो. एसटीतून पुलाजवळ उतरलो तेव्हाही परत फिरायचा विचार होता. बौद्धवाड्यात जयमालाच्या वडिलांचं, कोंडीरामांचं घर विचारलं, लगेच दाखवलं. ओट्यावर जयमालाची आई भागिरथीबाई तांदूळ निवडत होत्या. जयमाला आतून आली, मला बघून दारातच थांबली.

“बसा, सर.”

मी उभ्यानेच सांगितलं. फ्लॉपी माझी होती. तुझ्या सगळ्या स्वच्छ होत्या. माझी मी कापून टाकली. नोंदवही आता वाचली.

मग मीच मूर्खासारखं विचारलं, “तुला कळलं होतं तर मला सांगितलं का नाहीस?”

“लिहिलं होतं की. तुम्ही सही केली होती.”

आत जाऊन तिने एक कागद आणला. कॉलेजने तिला पाहायला दिलेली, माझ्याच पत्राची नक्कल. “हे साहेबांचं नाही, तुमचं आहे. ‘सदरहू’ केंद्रात फक्त तुम्ही लिहिता.” आवाज चढला नव्हता. “अठरा मेची तारीख आहे. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“पाच मेला कळलं.”

भागिरथीबाईंचा हात सुपात थांबला. “आवं, मंग तुमी मान्सं हायेत का कोन?” त्या म्हणाल्या. “पोरगी महिनाभर घराबाह्येर पडली न्हाई.”

“आई, थांब.” जयमालाने पेन आणि कोरे कागद माझ्यापुढे ठेवले. “मला माफी नको, सर. लिहून द्या.”

मी लिहिलं: केंद्राच्या संगणकांत बाहेरील फ्लॉपीमधून व्हायरसचा शिरकाव झाला होता. त्यास जयमाला जबाबदार नसल्याचे आढळून आले आहे.

तिने वाचलं. “कोणाला आढळलं?”

“मला.”

“मग तसं लिहा. आणि शिरकाव काय आपोआप झाला?”

दुसरा कागद घेतला. लिहिलं की माझ्याकडील फ्लॉपीतून व्हायरस आला. तिने बोट ठेवलं. “आला?”

तेवढ्यात तिचा भाऊ भीमराज ड्युटीवरून आला. एसटीत कंडक्टर आहे, अंगावर खाकी कपडे तसेच. काय चाललंय ते त्याला आईने दोन वाक्यांत सांगितलं. तो आत गेला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला.

तिसरा कागद. ‘मी, कानिफनाथ, माझी खासगी फ्लॉपी केंद्राच्या दोन्ही संगणकांवर वारंवार चालवली. तिच्यातून मी व्हायरस आणला. जयमाला यांनी तशी नोंद वेळोवेळी केली होती, ती न वाचताच मी खाली सही केली. त्यांना फ्लॉपी आणण्याची परवानगी मीच दिली होती, ते मी सांगितले नाही. खरे कळल्यावरही अठरा मेचे पत्र मी लिहिले.’

तिने दोनदा वाचला. “याच्या आणखी दोन प्रती करा. एक कॉलेजला, एक केंद्राला, एक माझ्याजवळ.” मी बसून केल्या. कोणी घाई केली नाही. निघताना म्हटलं, येतो. ती कागदांवर शाई वाळते का बघत होती.

१३ जून, सोमवार

केंद्राची प्रत रजिस्टर पोस्टाने आली. आप्पासाहेबांनी दार लावून घ्यायला सांगितलं.

“हे अक्षर तुमचं?”

“होय.”

“घरी बोलावून लिहून घेतलं? त्यांची माणसं जमा झाली असतील. दडपणाखाली लिहिलं म्हणा, एक ओळ द्या, मी मिटवतो. एकोणीस वर्षं झाली तुमची.”

ती ओळ मला लगेच सुचली, हेही लिहून ठेवतो. अगदी शब्दांसकट सुचली. भीमराज भिंतीला टेकून उभा होता, हे खोटं नव्हतं.

“नाही साहेब. मीच गेलो होतो. मजकूर माझा आहे.”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “माझ्या नातवाची पत्रिका त्याच फ्लॉपीतली?”

“होय.”

“बरोबर असंल ना?”

“सांगता येत नाही, साहेब. सहादेवच्या बहिणीचीही त्यातलीच. त्याला मी आज सांगणार आहे.”

आजपासून कॉम्प्युटर माझ्याकडे नाही. पुन्हा माती. शिवाय एकशे बारा कार्डं गावोगाव जाऊन स्वतः बदलून द्यायची, असा लेखी आदेश. सहादेवला सांगितलं. त्याने ऐकलं, पाण्याचा जग उचलला आणि निघून गेला. दिवसभर माझ्या टेबलावर पाणी आलं नाही.

९ जुलै, शनिवार

एकोणसत्तर कार्डं झाली. काल देवळालीकडच्या एका शेतकऱ्याने खरंच चुना टाकलेला निघाला, पाऊण एकरात. मी नवीन कार्ड पुढे केलं. त्याने घेतलं नाही. म्हणाला, “पह्यलं बी तुमीच दिलं हुतं.” तासभर बांधावर बसून त्याला सगळं सांगितलं, तेव्हा घेतलं. त्या पट्ट्यात यंदा काय उगवेल ते मला माहीत नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा जाणार आहे.

आज श्रीरामपूरच्या गाडीत कंडक्टर भीमराज होता. मी पुढे बसलो होतो, उतरता येण्यासारखं नव्हतं. तो तिकिटं फाडत माझ्यापर्यंत आला. मी गाव सांगितलं. त्याने तिकीट दिलं, सुटे परत दिले, पुढच्या बाकाकडे वळला. मग मागे न बघता म्हणाला,

“एक तारखेला हजर झाली ती. कॉलेजात.”

“बरं झालं,” मी म्हटलं.

त्याने घंटी मारली आणि पुढच्या माणसाला विचारलं, “कुठं?”